क्लच प्लेट गेली म्हणण्याआधी

या वेळी क्लचवरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं गिअरच्या गाड्यांसाठी आहेत, म्हणजे ज्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो अशा १०० ते ३५० सीसी मोटरसायकलींसाठी. स्कूटरचा आणि जुन्या बुलेटचा एकेक प्रश्न आला आहे, त्यांचं गणित वेगळं आहे.

प्रश्न : माझी स्प्लेंडर आठ वर्षांची आहे. कुंभार्ली घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. सपाटीवर फारसं जाणवत नाही. गॅरेजवाले म्हणतात क्लच प्लेट गेली, साइड उघडावी लागेल. त्याआधी घरी काही तपासता येईल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : येईल, आणि तपासल्याशिवाय उघडूच नका. गाडी ओढत नाही याचा अर्थ दर वेळी क्लच असा नसतो. इंजिनच दमलं असेल, एअर फिल्टर चोंदला असेल किंवा मागचा ब्रेक घासत असेल, तर आवाजही वाढत नाही आणि वेगही वाढत नाही. इंजिन दबून चालतं. क्लच सटकत असेल तर उलट होतं. आवाज सुसाट वर जातो आणि वेगाचा काटा जागचा हलत नाही. तुमच्या वर्णनात हे दुसरं दिसतंय. तरी खात्री करून घ्या.

मोकळा, सरळ, किंचित चढाचा रस्ता बघा. इंजिन गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने चला आणि रेस एकदम पूर्ण पिळा. क्लच चांगला असेल तर आवाज आणि वेग हातात हात घालून वर जातात. आवाज आधी उडी मारून मग वेग रेंगाळत आला, तर क्लच सटकतोय. ज्या गाडीची किक फक्त न्यूट्रलमध्येच लागते, गिअरमध्ये क्लच दाबून लागत नाही, तिच्यात आणखी एक खूण मिळते. अशा गाडीत किकचा जोर क्लच प्लेटींमधूनच इंजिनापर्यंत जातो. किक मारताना मधेच पाय भसकन खाली गेला आणि इंजिन फिरलंच नाही, तर प्लेटी एकमेकींना धरत नाहीयेत.

आता कारण शोधायचं, आणि ते हातापासून इंजिनाकडे जात शोधायचं. हाच क्रम पाळा, कारण या वाटेवरच्या पहिल्या तीन गोष्टींना इंजिन उघडावं लागत नाही.

पहिली गोष्ट लिव्हरची मोकळीक, म्हणजे ज्याला आपण प्ले म्हणतो. इंजिन बंद करा. शाळेची फूटपट्टी लिव्हरच्या टोकाच्या गोळ्याजवळ धरा. एका बोटाने लिव्हर हलकेच ओढा. सुरुवातीला तो पोकळ येतो आणि मग एकदम जड लागतो. पोकळ ते जड हे अंतर टोकाशी १० ते २० मिलिमीटर असायला हवं. (काही कंपन्या हा आकडा टोकाशी न देता लिव्हर आणि त्याच्या ब्रॅकेटमधल्या फटीचा देतात, तिथे २ ते ३ मिलिमीटर असतो. दोन्ही आकड्यांची गल्लत करू नका.) मोकळीक शून्य असेल तर वायर कायम थोडी ओढलेली राहते, स्प्रिंगा प्लेटींना पूर्ण दाबू शकत नाहीत आणि जोर पडला की क्लच सटकतो. म्हणजे तुम्ही क्लचवर हात न ठेवताही गाडी अर्धवट क्लचमध्येच चालते.

मोकळीक नाहीशी का होते? इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. वायर ताणली गेली की मोकळीक वाढते. पण प्लेटी झिजल्या की मोकळीक कमी होते, कारण प्लेटींचा थर पातळ झाला की दाबणारी तबकडी सरकते आणि लिफ्टरला (लिव्हर ओढल्यावर प्लेटींवरचा दाब सोडवणाऱ्या भागाला) टेकू लागते. म्हणून ‘मी कधी वायरला हात लावला नाही’ म्हणणाऱ्याचीही मोकळीक संपते. आणि मध्ये कुणी ‘क्लच टाइट करून दिला’ असेल तर ती त्या दिवशीच संपलेली असते.

जुळवणी दोन ठिकाणी असते. लिव्हरजवळचा बारीक जुळवणीचा स्क्रू ज्या गाड्यांना आहे, तिथे तो आधी पूर्ण आत घ्या. मग खाली इंजिनाजवळ, जिथे वायर लिफ्टरच्या दांडीला लागते, तिथला लॉकनट सैल करून जुळवणीचा नट फिरवत लिव्हरच्या टोकाशी १५ मिलिमीटरच्या आसपास मोकळीक आणा. लॉकनट आवळताना दुसऱ्या पान्याने जुळवणीचा नट धरून ठेवा, नाहीतर आवळता आवळता तो फिरतो आणि सगळं मुसळ केरात. शेवटी इंजिन चालू करून हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. वळवताना लिव्हर आपोआप ताणला गेला, तर वायर कुठेतरी अडकलीय किंवा चुकीच्या वाटेने गेलीय.

दुसरी गोष्ट वायर मोकळी परत येते का. लिव्हर ओढून हळूहळू सोडा आणि नजर खालच्या दांडीवर ठेवा. लिव्हर सुटला तरी दांडी रेंगाळत मागे येत असेल, तर वायरमध्ये गंज किंवा माती आहे. तिसरी गोष्ट ऑइल. त्यावर पुढचाच प्रश्न आहे. या तिन्ही ठीक असूनही घाटात सटकत असेल, तर मात्र प्लेटी बघायची वेळ आली. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. जळकट, करपल्यासारखा वास आला तर उशीर करू नका.

प्रश्न : गावात मोटरसायकलचं ऑइल मिळालं नाही म्हणून चारचाकीचं चांगल्या कंपनीचं महागडं ऑइल टाकलं. दोनशे किलोमीटरच्या आत क्लच सटकायला लागला. ऑइलने एवढा फरक पडतो? (एक वाचक, परभणी)

उत्तर : पडतो. महागडं होतं म्हणूनच कदाचित जास्त पडला. मोटरसायकलमध्ये एकच ऑइल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना पुरतं. चारचाकीच्या इंजिनात क्लच बुडालेला नसतो, त्यामुळे इंधन वाचावं म्हणून पेट्रोल गाड्यांच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. पिस्टनला ती उपकारक, पण क्लच प्लेटींचं तर सगळं कामच घर्षणावर चालतं.

डब्याच्या मागच्या बाजूला छोट्या चौकटीत ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं असेल तेच घ्या. ही जपानी मानकाची खूण आहे आणि ती बुडालेल्या क्लचसाठीच आहे. ‘जासो एमबी’ हे ऑटोमॅटिक स्कूटरचं, ते गिअरच्या गाडीत नको. डब्यावरच्या गोल शिक्क्याच्या खालच्या कमानीत ‘रिसोर्स कॉन्झर्व्हिंग’ (म्हणजे इंधन वाचवणारं) असं छापलेलं दिसलं तर तो डबा जागेवर ठेवा. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बॅरलमधलं ऑइल काढून टाकायची सवयही सोडा. पंधरा-चाळीस ग्रेडचं ते ऑइल जाडीला चालेल असं वाटतं, पण ही खूण नसेल तर क्लचचं काय होईल ते सांगता येत नाही. हेच ‘इंजिन स्मूद’ करणाऱ्या बाटल्यांना लागू आहे.

ग्रेड पुस्तिकेतलाच ठेवा. हीरो-होंडाच्या बहुतेक छोट्या गाड्यांना दहा-तीस, बजाजच्या पल्सरला वीस-पन्नास असं चालत आलेलं आहे. शेजाऱ्याच्या गाडीचं बघून ठरवू नका.

उपाय असा करा. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा, ड्रेन बोल्ट काढून गाडी मेन स्टँडवर १५ मिनिटं निथळू द्या, गाडी एकदा डावी-उजवीकडे हलकेच कलवा. योग्य ऑइल भरा, २०० ते ३०० किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा बदला. पहिल्या वेळी सगळं निघत नाही, थोडं आत चिकटून राहतंच. मधलं, लगेच काढून टाकायचं ऑइल स्वस्तातलं चालेल, खूण मात्र तीच हवी. प्लेटी करपल्या नसतील तर पकड बऱ्याचदा परत येते. दुसऱ्या बदलानंतरही सटकत असेल तर प्लेटी गेल्या.

प्रश्न : माझ्या शाइनच्या क्लच प्लेटी मला स्वतः बदलायच्या आहेत. पाने आहेत, हातही बरा चालतो. क्रम आणि चुका होण्याच्या जागा सांगाल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : सुट्टीचा आख्खा दिवस ठेवा, पण सुरुवात आदल्या रात्री करा. नव्या फ्रिक्शन प्लेटी, म्हणजे ज्यांना बाजूने खडबडीत चौकोनी ठोकळे चिकटवलेले असतात त्या, गाडीत जे ऑइल भरणार आहात त्यातच ताटलीत रात्रभर बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्या काही किलोमीटरमध्येच करपतात आणि कायमच्या गुळगुळीत होतात. हा एकच टप्पा गाळल्यामुळे ‘नव्या प्लेटी टाकूनही सटकतो’ अशा तक्रारी येत राहतात.

सामान : फ्रिक्शन प्लेटींचा संच, त्याच गाडीच्या स्प्रिंगांचा संच, उजव्या साइड कव्हरचं नवं पॅकिंग, किक शाफ्टचं ऑइल सील, गाडीचं ऑइल, आणि मधल्या नटासाठी खास सॉकेट. स्टील प्लेटी (गॅरेजमध्ये त्यांनाच कुणी प्रेशर प्लेट म्हणतं, दुकानात मागताना नीट सांगा) आधी उघडून बघा, मग घ्या.

ऑइल काढून टाका. क्लचची वायर खालून सोडवा. फूटरेस्ट, किकचा दांडा, ब्रेकचं पेडल यातलं जे आड येईल ते काढा. किकच्या दांड्याची खूण शाफ्टवर मार्करने करून ठेवा. साइड कव्हरचे बोल्ट ८ नंबरच्या टी पान्याने, सगळे एकेक फेरा सैल करून मग काढा. त्यांची लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर कव्हरचा ढोबळ आकार काढून त्या त्या जागी भोक पाडून बोल्ट खोवून ठेवले की परत लावताना चुकत नाही. आखूड जागी लांब बोल्ट आवळला तर इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमला तडा जातो, आणि तिथून पुढचा खर्च क्लचच्या कितीतरी पट असतो.

कव्हर निघत नसेल तर रबरी हातोडीने कडेने हलकं ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. तिथे पडलेला ओरखडा म्हणजे पुढचं कायमचं ऑइल गळणं. कव्हर आलं की दोन डॉवेल पिना (कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या छोट्या पिना) कुठे राहिल्या ते लगेच बघा. एक कव्हरला आणि एक इंजिनाला चिकटलेली असू शकते.

आता समोर क्लच दिसेल. फोटो काढा. चार स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, एकेक फेरा करत सैल करा. एकच बोल्ट आधी पूर्ण काढला तर तबकडी तिरकी होऊन बाकीच्या बोल्टांचे आटे खाते. लिफ्टर प्लेट आणि तिच्यातलं छोटं बेअरिंग बाजूला ठेवा; बेअरिंग बोटावर फिरवून बघा, खरखर लागली तर बदला.

इथे बरेच जण अडतात. यामाहाच्या अनेक गाड्यांत स्प्रिंगा काढल्या की वरची तबकडी निघते आणि प्लेटी हाताने उचलता येतात. तुमच्या गाडीसारख्या रचनेत मात्र दाबणारी तबकडी आतल्या बाजूला असते, त्यामुळे मधला चार खाचांचा लॉकनट काढावाच लागतो. त्याला खास सॉकेट लागतो, पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही मोठ्या गावच्या हत्यारांच्या दुकानात मिळतो. छिन्नी आणि हातोडीने नट फिरवणारे आहेत, पण त्यात नटाच्या खाचा जातात आणि ठोक्यांचा मार शाफ्टच्या बेअरिंगला बसतो. गाडी टॉप गिअरमध्ये टाका, सोबत्याला मागचं चाक घट्ट अडवून धरायला सांगा आणि मग नट सोडा. नटाखालच्या वॉशरवर बाहेरची बाजू दाखवणारी अक्षरं असतात. परत बसवताना ती तुमच्याकडे तोंड करून हवीत.

हब, म्हणजे प्लेटी ज्याच्यावर ओवलेल्या असतात तो मधला भाग, प्लेटींसकट बाहेर येईल. प्लेटींचा क्रम जसाच्या तसा टेबलावर मांडा. स्टील प्लेटींच्या कडा बोटाने चाचपा. पत्रा कापताना एक कड धारदार राहते. सगळ्यांची धार एकाच बाजूला ठेवायची.

मग मोजमाप. जुनी फ्रिक्शन प्लेट व्हर्नियरने तीन-चार जागी मोजा. छोट्या गाड्यांत नवी प्लेट ३ मिलिमीटरच्या आसपास असते आणि २.६ च्या खाली गेली की ती संपली असं धरतात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. जाडी भरूनही ठोकळे काळे, काचेसारखे चमकणारे असतील तर तीही गेलेलीच. स्टील प्लेट जाड काचेवर सपाट ठेवा आणि ०.२० मिलिमीटरची फिलर गेजची पात खाली सरकवा. पात जात असेल तर प्लेट वाकडी आहे. निळसर-जांभळे डाग म्हणजे ती तापून निघाली आहे. अशी प्लेट सपाट दिसली तरी बदला. स्प्रिंगा काचेवर शेजारी शेजारी उभ्या करा. उंचीत फरक डोळ्यांना दिसत असेल तर मोजायचीही गरज नाही. स्प्रिंग कधीही एकटी बदलू नका, सगळा संच बदला.

बेल, म्हणजे प्लेटी जिच्यात बसतात ती बाहेरची वाटी, रिकामी आहे तोवर तिच्या बोटांकडे बघा. प्लेटींचे कान जिथे टेकतात तिथे खाचा पडतात. नख फिरवा. नुसतं जाणवलं तर बारीक कानशीने कड मोडून सपाट करता येतं. नख खाचेत अडकून थांबत असेल तर बेल बदला, कारण खोल खाचा घासून सपाट केल्या तर प्लेटी सैल होऊन खडखडतात. हबच्या दातांचंही तसंच.

बसवताना पहिली आणि शेवटची प्लेट फ्रिक्शनचीच येते. कान बेलच्या खाचांमध्ये नीट गेले नाहीत तर हब शेवटचे काही मिलिमीटर आत बसत नाही. तिथे जोर लावायचा नाही, हब किंचित डावी-उजवीकडे हलवत सरकवायचा. स्प्रिंगांचे बोल्ट परत समोरासमोर, १० ते १२ न्यूटन-मीटरपर्यंतच. टॉर्क पाना नसेल तर आखूड टी पाना दोन बोटांत धरून आवळा. लांब दांड्याने आवळलात तर हबचे आटे हातात येतील.

कव्हरचं जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, ब्लेडने नको. नव्या पॅकिंगला सिलिकॉन फासू नका. आत पिळून निघालेला तुकडा ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो. डॉवेल पिना बसवा, किक सीलच्या ओठाला थोडं ग्रीस लावा, कव्हर बसवून बोल्ट आवळा. ऑइल पुस्तिकेत सांगितलंय तितकं भरा, साइड उघडली असेल तर नेहमीच्या बदलापेक्षा थोडं जास्त लागतं. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून, बंद करून, पाच मिनिटांनी पातळी बघा. शेवटी वायरची मोकळीक नव्याने जुळवा. प्लेटी जाड झाल्या, म्हणजे जुनी जुळवणी आता खोटी आहे. पहिले २०० किलोमीटर तिघांना बसवून घाट चढू नका.

प्रश्न : सिग्नलला थांबल्यावर पल्सरचा न्यूट्रल लागता लागत नाही. पहिला टाकला की ‘खाट’ आवाज येऊन गाडी पुढे ढकलल्यासारखी होते. क्लच पूर्ण दाबलेला असतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : वरच्या तक्रारीच्या नेमकं उलट. तिथे क्लच धरत नव्हता, इथे सोडत नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन गरम असू द्या, क्लच दाबून पहिला टाका. मागचं चाक हळूहळू फिरेल. ऑइलच्या चिकटपणाने तेवढं चालतं. आता मागचा ब्रेक हलकेच दाबा. चाक थांबलं आणि इंजिनाचा आवाज बदलला नाही, तर क्लच ठीक आहे. इंजिन दबलं किंवा बंद पडलं, तर प्लेटी अजून एकमेकींना धरून आहेत.

पुन्हा हातापासून सुरुवात. मोकळीक जास्त असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही खालची दांडी पुरेशी सरकत नाही. लिव्हरच्या पिव्होटचा बोल्ट आणि भोक बघा. भोक लांबट झालं असेल तर लिव्हर आधी नुसता डुगडुगतो आणि मग वायर ओढतो, बरीचशी हालचाल तिथेच वाया जाते. स्वस्तातल्या लिव्हरसाठी इंजिन उघडलं जातं ते असं.

आयडलिंगही, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेगही, बघा. या वर्गातल्या गाड्यांना साधारण १४०० आरपीएम पुरतात. ‘बंद पडू नये’ म्हणून स्क्रू पिळून १८००-२००० वर नेलं असेल तर कितीही चांगल्या क्लचमध्ये पहिला आपटतच पडणार. चेन फार सैल असेल तर तोच ‘खाट’ आवाज चेनचाही असू शकतो. २० ते ३० मिलिमीटर खाली-वर हालचाल पुरे. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर कमी करा.

हे सगळं बरोबर असून फक्त इंजिन तापल्यावरच त्रास होत असेल, तर स्टील प्लेट वाकली असण्याची किंवा बेलला खाचा पडल्या असण्याची शक्यता मोठी. प्लेट खाचेत अडकते आणि लिव्हर दाबला तरी मागे सरकत नाही. त्यासाठी उघडावं लागेल. तोवर एक करा, गाडी पूर्ण थांबायच्या आत, चाक अजून फिरत असतानाच न्यूट्रल पकडा.

सकाळी पहिल्यांदा गिअर टाकताना एकदाच आवाज येतो, नंतर दिवसभर नाही, असं असेल तर तो दोष नाही. रात्रभरात गार ऑइलने प्लेटी एकमेकींना चिकटतात, एवढंच.

प्रश्न : पावसाळाभर गाडी उभी होती. आता क्लच दाबला तरी गिअरमध्ये गाडी ढकलली की इंजिन फिरतं. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी डिपस्टिक बघा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर आत पाणी गेलं आहे. इंजिन अजिबात चालू करू नका. ऑइल काढा, नवं भरा, पाच मिनिटं चालवा, तेही काढा, मग पुन्हा भरा.

ऑइल स्वच्छ असेल तर प्लेटी नुसत्या चिकटल्या आहेत. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने क्लचचा लिव्हर दाबून हँडलला बांधा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, लिव्हर दाबलेलाच असू द्या, गाडी पुढे-मागे झटके देत हलवा. ‘टक्’ असा आवाज येऊन चाक मोकळं होतं. दोन दिवसांत सुटलं नाही तर साइड उघडून प्लेटी वेगळ्या करा.

प्रश्न : रस्त्यात क्लचची वायर तुटली तर घरी कसं यायचं? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : इंजिन बंद असताना मागून वाहन नाही बघून, न्यूट्रलमध्ये सुरू करा. गाडीवर बसून पायांनी ढकलत चालण्याइतका वेग घ्या आणि पहिला गिअर ठामपणे टाका. झटका बसेल, पण गाडी निघेल. पुढचे गिअर क्लचशिवाय पडतात. पायाने गिअरच्या दांडीवर आधीच हलका दाब ठेवा, रेस क्षणभर सोडा, गिअर आपोआप सरकतो. खाली येताना रेस थोडी वाढवून तेच. थांबायच्या आधी न्यूट्रल. चढावर किंवा गर्दीत हे करू नका; दोन सिग्नलच्या गावात गाडी ढकलत नेणं बरं.

पण वायर सहसा सांगून तुटते. दर महिन्याला लिव्हरचं रबर वर सरकवा आणि वायरचं टोक, म्हणजे धातूचा जो गोळा किंवा निपल लिव्हरमध्ये बसतो, तो उजेडात बघा. त्याच्या मुळाशी वायरच्या बारीक तारा कुसळासारख्या बाहेर आलेल्या दिसतात. बोटाला एक तार टोचली की वायर बदलायची, वाट बघायची नाही. निपल लिव्हरमध्ये सहज फिरायला हवा. तो गंजून घट्ट बसला की वायर दर वेळी त्याच जागी वाकते आणि तिथेच तुटते. एक थेंब ग्रीस एवढंच त्याचं औषध.

तेल घालायचं तर वायरचं वरचं टोक सोडवा, प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून त्याचं नरसाळं वायरभोवती दोऱ्याने बांधा, त्यात इंजिन ऑइल ओता आणि खाली थेंब दिसेपर्यंत रात्रभर ठेवा. वायरच्या आत ग्रीस नको, धूळ धरतं. नवी वायर घालताना जुनीच्या टोकाला दोऱ्याने बांधून ओढा, म्हणजे वाट चुकत नाही. हॉर्न किंवा जादा लाइट बसवणाऱ्याने प्लास्टिकच्या पट्ट्यांनी वायर चेसिसला आवळली असेल तर ती पट्टी कापून टाका. लांबच्या प्रवासाला जाणार असाल तर नवी वायर जुनीला लागूनच टाकून ठेवा, दोन्ही टोकं टेपने बंद करून. सायकलच्या दुकानात स्क्रूने आवळायचा निपल मिळतो, तोही डिकीत असू द्या.

प्रश्न : इंजिनाच्या उजव्या बाजूने खडखड येते. क्लच दाबला की थांबते. प्लेटी बदलाव्यात का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : नाही, आवाजाचा प्लेटींशी बहुधा संबंध नसतो. न्यूट्रलमध्ये क्लच दाबला की क्लच ज्यावर बसतो तो गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबतो, त्यामुळे दाबल्यावर थांबणारा आवाज त्या शाफ्टच्या बेअरिंगचा किंवा बेलच्या मागच्या उशी-रबरांचा अथवा स्प्रिंगांचा असतो. बेल काढून एका हाताने तिचा गिअर आणि दुसऱ्याने वाटी धरून पिळा. मोकळेपणा लागला तर रिव्हेट सैल झाले आहेत. उलट, क्लच दाबल्यावर सुरू होणारी शिट्टी किंवा घरघर लिफ्टरच्या छोट्या बेअरिंगची. आणि आयडलिंग फार खाली असेल तर चांगली बेलही खडखडते, म्हणून ते आधी जुळवा.

प्रश्न : दूध घालायला रोज चार कॅन घेऊन जातो. वर्षात दोनदा प्लेटी गेल्या. कंपनीच्या प्लेटी नव्हत्या, तेच कारण का? (एक वाचक, अकोले)

उत्तर : तेही असेल, पण ते शेवटचं कारण. चार कॅन भरले की वजन एका जाड माणसाहून जास्त होतं, आणि दारोदारी थांबायचं म्हणजे दर पन्नास पावलांवर हाफ क्लच. घसरत-घसरत धरणाऱ्या प्लेटींमध्ये उष्णता साठते आणि ऑइल ती उष्णता वाहून न्यायच्या आत प्लेट करपते. चढाच्या गल्लीत क्लचवर गाडी तोलून उभं राहणं सर्वांत वाईट. तिथे ब्रेक धरा. दुसऱ्यात निघायची सवय असेल तर पहिल्यावर या. दोन बोटं सतत लिव्हरवर टेकवून चालवत असाल तर तीही उचला.

दुसरं म्हणजे दोन्ही वेळी स्प्रिंगा आणि स्टील प्लेटी बदलल्या होत्या का, ते विचारा. जुन्या मऊ स्प्रिंगा आणि निळ्या पडलेल्या स्टील प्लेटींवर नव्या फ्रिक्शन प्लेटी टाकल्या तर त्या टिकत नाहीत, मग त्या कुणाच्याही असोत. पुढच्या चेनचाकाला एक दात कमी करून घेतला तर ओढ वाढते आणि हाफ क्लच कमी लागतो. वरचा वेग आणि अ‍ॅव्हरेज थोडं घटेल. तुमच्या कामाला हा सौदा परवडतो.

प्रश्न : नव्या आर१५ ला ‘स्लिपर क्लच’ आहे. म्हणजे तो स्लिप होणारच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नावाने घाबरू नका. भराभर गिअर खाली टाकल्यावर मागचं चाकच इंजिनाला फिरवू पाहतं, तेवढ्या वेळापुरता हा क्लच दाब सैल करतो म्हणजे चाक उडत नाही. पुढे ओढताना याच रचनेतले उतरते दात प्लेटींना जास्त घट्ट करतात, म्हणून स्प्रिंगा हलक्या चालतात आणि लिव्हर मऊ लागतो. पुढे ओढताना सटकत असेल तर तपासणी वर दिली तीच.

प्रश्न : स्कूटरचा क्लच घरी कसा जुळवायचा? निघताना थरथरते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये जुळवायला काही नसतं. डाव्या हातातला लिव्हर ब्रेकचा आहे. आतला क्लच कोरडा असतो, वेग वाढला की शू (घर्षणाचं अस्तर लावलेले तुकडे) बाहेर फेकले जाऊन वाटीला धरतात. थरथर बहुधा धुळीने किंवा शू चकाकल्याने होते. डावं कव्हर काढून धूळ पुसा (फुंकर मारू नका, ती नाकात जाते), शू आणि वाटीची आतली बाजू बारीक पॉलिश पेपरने घासा. तिथे तेलाचा थेंबही नको.

प्रश्न : जुनी कास्ट आयर्न बुलेट सकाळी पहिला टाकला की उडी मारते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तिच्यात प्रायमरी केसचं ऑइल इंजिनापासून वेगळं असतं. ते कुठलं आणि किती आहे ते बघा, जाड ऑइल असेल तर बदला. आणि सकाळी स्विच बंद ठेवून क्लच दाबा, दोन-तीन किक मारा. किक हलकी गेली की प्लेटी सुटल्या. मग सुरू करा.